खिशांतील वैद्याची परीक्षा

हल्लीं ज्याच्या त्याच्या खिशांत एक वैद्य जाऊन बसला आहे. तो फी मागत नाहीं, ताटकळत बसवीत नाहीं, आणि मध्यरात्रीं हांक मारली तरी कुरकुरत नाहीं. हा वैद्य म्हणजे मोबाइलवरील अ‍ॅप. मधुमेह, दमा, रक्तदाब यांचीं अ‍ॅप्स आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या परिचयाचीं असतील. आमवातासारख्या जन्माची सोबत करणाऱ्या दुखण्यांसाठींही तीं आतां निघालीं आहेत. रोग्यानें आपल्या दुखण्याचा सांभाळ आपणच करावा आणि अ‍ॅपनें त्याला हात द्यावा, अशी ही कल्पना आहे. कल्पना चांगली आहे. पण अशा अ‍ॅपच्या दारावर गुणवत्तेचा दाखला म्हणून काय टांगलेलें असतें? किती लाख लोकांनीं तें उतरवून घेतलें आणि त्याला किती तारे बहाल केले, हा आंकडा! सुशिक्षित मंडळीही तो आंकडा पाहून निर्धास्त होतात. आमचें म्हणणें असें कीं, ही परीक्षा नव्हे, ही जत्रेंतील गर्दी होय. आणि भोंवतीं गर्दी जमली म्हणून जत्रेंत मात्रा विकणाऱ्याची मात्रा गुणकारी ठरत नाहीं.

यंत्र आलें कीं नाक मुरडावयाचें, हा आमचा बाणा नव्हे, हें आधींच सांगून ठेवितों. उलट, या यंत्राची गरज ज्या रोग्यांस आहे त्यांची बाजू घेऊनच आम्ही लिहीत आहों. आमवात म्हणजे उतारवयांत गुडघे झिजतात तें दुखणें नव्हे. शरीराचें रक्षण करणारी जी शक्ति आपल्या रक्तांत वावरते तीच या रोगांत उलटते आणि आपल्याच सांध्यांवर तुटून पडते. दोन्ही हातांचीं बोटें, मनगटें, पावलें सुजतात. सकाळीं उठल्यावर तासतासभर मूठ वळत नाहीं. आणि उपचारांत हयगय झाली तर सांधे कायमचे वांकडे होतात. पुरुषांपेक्षां स्त्रियांत याचें प्रमाण दोन-तीन पट असतें, आणि पुष्कळदां तो गांठतो तो ऐन संसाराच्या वयांत. पुणें जिल्ह्यांतील भिगवण येथें १९९६ सालीं डॉ. अरविंद चोप्रा व त्यांचे सहकारी यांनीं घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढ माणसांची पाहणी केली. तींत या रोगाचें प्रमाण सुमारें अर्धा टक्का आढळलें. २०११च्या जनगणनेप्रमाणें रत्नागिरी जिल्ह्याची वस्ती १६ लाखांवर आहे. तेंच प्रमाण येथें धरलें, तर या एका जिल्ह्यांत पांच हजारांवर माणसें हें दुखणें अंगावर वागवीत असलीं पाहिजेत.

या माणसांचे दिवस कसे जातात? सांध्यांच्या रोगांचा खास तज्ञ गांठावयाचा म्हणजे आमच्या घरच्या रोग्यास आंबा घाट चढून सुमारें १३० किलोमीटरवरील कोल्हापूर गांठावें लागतें. कित्येक पुण्यामुंबईची वाट धरतात. पावसाळ्यांत घाटांत दरड कोसळली म्हणजे तीही वाट बंद. तीन महिन्यांतून एकदां डॉक्टरांपुढें पंधरा मिनिटें. बाकीचे नव्वद दिवस रोगी आणि त्याचा रोग! त्या नव्वद दिवसांत गोळ्या कोणीं लक्षांत ठेवावयाच्या? रक्ततपासणीची तारीख कोणीं पाहावयाची? आजचें दुखणें नेहमींचें, कीं नव्या उसळीची ही सुरुवात, हें कोणीं ठरवावयाचें? रोग्यानेंच. तेव्हां आपल्या रोगाचा सांभाळ आपण करणें ही येथें हौस नाहीं, नाइलाज आहे. आणि म्हणूनच अशा माणसापुढें जो कोणी हात करील त्याची परीक्षा कडक असली पाहिजे. बुडत्याला काडीचा आधार, ही म्हण बुडणाऱ्याच्या तोंडीं शोभते. काडी विकणाऱ्याला ती ढाल म्हणून वापरतां येणार नाहीं.

अ‍ॅप करणारे म्हणतात, “आम्ही तपासूनच देतों.” खरें आहे, पण काय तपासतात? कळ दाबली कीं पान उघडतें काय, उघडतांना अडखळतें काय, रंग डोळ्यांस सुखावतात काय, आणि एकदां आलेला मनुष्य दुसऱ्या दिवशीं पुन्हां येतो काय. ही सारी यंत्राची तपासणी झाली. रोग्याच्या दृष्टीनें महत्त्वाचे प्रश्न निराळेच आहेत. विचारलेला प्रश्न त्याला कळला काय? त्यानें दिलेलें उत्तर त्याच्या सांध्यांच्या खऱ्या स्थितीशीं जुळतें काय? त्या उत्तरावरून मिळालेल्या सल्ल्यानें त्याचें हित झालें, कीं अपाय झाला? घड्याळाचे कांटे फिरतात हें पाहणें वेगळें, आणि तें वेळ बरोबर दाखवितें हें पाहणें वेगळें. पहिली तपासणी करून दुसरीचा दाखला मिरविणें याला आम्ही लबाडी म्हणतों.

गेल्या पावसाळ्यांत आम्हीं घरांतच एक लहानसा प्रयोग करून पाहिला. आमच्या वहिनींना हें दुखणें १४ वर्षें आहे. तीन अ‍ॅप्स निवडलीं आणि प्रत्येक अ‍ॅप दोन दोन आठवडे वापरलें. एका घरच्या अनुभवावरून सिद्धांत काढण्याइतके आम्ही उतावळे नाहीं. परंतु एका घरांत सहा आठवड्यांत जें सहज दिसलें तें करणारांस दिसलें नाहीं, याचा अर्थ त्यांनीं पाहिलेंच नाहीं, एवढें म्हणण्यास एक घर पुरतें.

पहिल्या अ‍ॅपनें आपणांस मराठी येत असल्याची प्रौढी मिरविली होती. पहिल्याच दिवशीं त्यानें विचारलें, ‘आज तुम्हांला ज्वाला आहे काय?’ वहिनी हंसून म्हणाल्या, “भाऊजी, ज्वाला चुलींत असते हो, माझ्या बोटांत ती कुठली?” दुखण्याच्या उसळीला इंग्रजींत जो शब्द आहे त्याचें भाषांतर कोशांतून उचलून तेथें ठेवून दिलें होतें. पुढचा प्रश्न, ‘सकाळीं कडकपणा किती मिनिटें होता?’ आमच्याकडील बायका म्हणतात, ‘सांधे धरले’, ‘बोटें आखडलीं’; कडकपणा हा सासूचा गुण आहे, सांध्यांचा नव्हे. याहून गंभीर गोष्ट अशी कीं, त्या अ‍ॅपनें आमवात आणि झिजेचा संधिवात या दोहोंस एकच ‘संधिवात’ हें नांव दिलें होतें, आणि दोहोंचा उपदेश एकाच पानावर कालवला होता. दोहोंचीं औषधें निराळीं, धोके निराळे. हंसण्याजोगी चूक आणि घात करणारी चूक एकाच कारखान्यांतून निघते, हें येथें दिसून आलें. रोग्यानें वाचून पाहिल्यावांचून मराठी छापली, हें त्या दोहोंचें कारण.

दुसऱ्या अ‍ॅपचे प्रश्न शास्त्रशुद्ध होते, पण ते परक्या घरांतले होते. मोटारीचें दार उघडतां येतें काय? न्हाणाच्या टबांत उतरतां येतें काय? असल्या प्रश्नांची मूळ प्रश्नावलि अमेरिकेंत १९८० च्या सुमारास तयार झाली, आणि तेथें ती योग्यच होती. परंतु वहिनींच्या घरीं मोटार नाहीं आणि टबही नाहीं. त्यांच्या हातांची कसोटी नारळ खवतांना लागते, एस.टी.ची पायरी चढतांना लागते, मांडी घालून उठतांना लागते. गणेशचतुर्थीस उकडीच्या पारीला कळ्या पाडतां येतात कीं नाहीं, यावरून त्यांचें वर्ष कसें गेलें हें आम्हांस कळतें. हा विचार आम्हींच प्रथम केला असें नव्हे. दिल्लीच्या डॉ. मलविया प्रभृति तज्ञांनीं २००२ सालीं त्या प्रश्नावलीची भारतीय आवृत्ति रोग्यांवर पारखून प्रसिद्ध केली. तींत साडी-धोतर नेसणें, मांडी घालून किंवा उकिडवें बसणें, रिक्षेंत चढणें-उतरणें, भाजी-बाजार करणें, असे १२ प्रश्न आहेत. म्हणजे हत्यार आपल्या घरांत दोन तपें घांसून-पुसून तयार आहे. आणि कारागीर मात्र शेजाऱ्याकडचें उसनें आणून लांकूड कां तुटत नाहीं म्हणून विचारीत बसला आहे!

परंतु खरा धडा मिळाला तो याच दुसऱ्या अ‍ॅपच्या अखेरच्या आठवड्यांत. वहिनींचें दुखणें एकाएकीं उसळलें. सोमवारीं व मंगळवारीं त्या बऱ्या होत्या, रविवारीं पुन्हां बऱ्या झाल्या. त्या तीन दिवसांची नोंद त्यांनीं केली. बुधवारपासून शनिवारपर्यंत चार दिवस त्यांना चहाचा पेला दोन्ही हातांनीं धरावा लागत होता. मोबाइल उचलून बारीक खुणांवर बोट टेकणें दूरच राहिलें. त्यांतच दोन दिवस वीज नव्हती. चारी दिवस कोरे राहिले. रविवारीं रात्रीं अ‍ॅपनें सरासरी काढली ती भरलेल्या तीन दिवसांची, आणि पडद्यावर फुलें उधळून लिहिलें, ‘अभिनंदन! या आठवड्यांत तुमची प्रकृति सुधारली आहे.’

वाचकहो, या अभिनंदनाचा अर्थ नीट ध्यानांत घ्या. ज्या दिवशीं दुखणें अधिक त्या दिवशीं नोंद नाहीं. आणि नोंद नाहीं म्हणून दुखणें नाहीं! रोगी जितका बेजार तितका त्याचा आलेख चांगला! यंत्र बिघडलें नव्हतें. त्याची प्रत्येक कळ चालत होती. चुकला होता तो करणाराचा समज: कोरा दिवस म्हणजे कांहीं घडलें नाहीं असा दिवस. निरोगी तरुणांच्या हातीं देऊन तपासलें तर हा दोष दहा वर्षांतही सांपडणार नाहीं. सुजलेल्या हातांत दिलें तर आठवड्यांत सांपडतो. त्याच चार दिवसांवर आमच्या दादांनीं स्वयंपाकघरांतील दिनदर्शिकेवर, दुधाच्या हिशेबाशेजारीं, लाल फुल्या मारून ठेविल्या होत्या. अ‍ॅपला दादा ठाऊक नव्हते. नोंद रोग्यानेंच केली पाहिजे असा त्याचा दंडक. पुढें डॉक्टरांनीं आलेख पाहिला, दिनदर्शिकेचीं पानें पाहिलीं, आणि औषध वाढविलें तें फुल्यांवरून. अ‍ॅपवर विसंबून ती फेरी रद्द केली असती तर काय झालें असतें, याचा विचार वाचकांनींच करावा.

तिसऱ्या अ‍ॅपची गोष्ट थोडक्यांत सांगतों, पण ती सर्वांत भयंकर आहे. आमवातावर मेथोट्रेक्सेट हें औषध जगभर प्रथम दिलें जातें. तें आठवड्यांतून एकदांच, ठरल्या वारीं घ्यावयाचें असतें. चुकून रोज घेतलें तर तोंडांत व्रण पडतात, रक्त तयार करणारी मज्जा खचते, आणि मनुष्य दगावतोही. या चुकीनें जगांत ठिकठिकाणीं बळी घेतले आहेत. या अ‍ॅपमध्यें गोळीचें नांव घालतांच तें आपण होऊन रोज सकाळीं आठ वाजतां घंटा वाजवूं लागलें! वार निवडण्याची सोय होती, पण ती तीन पानें आंत. वहिनी १४ वर्षांच्या मुरलेल्या. त्यांनीं घंटा बंद केली. पण गेल्याच आठवड्यांत जिच्या हातीं पहिली चिठ्ठी पडली आहे, आणि जी अ‍ॅपला डॉक्टरांचा मदतनीस समजते, तिनें काय करावें?

एवढें वाचून कोणी म्हणेल कीं, मग ही अ‍ॅप्स टाकूनच द्यावीं. मुळींच नाहीं. रीतसर परीक्षा घेतली म्हणजे काय सिद्ध होऊं शकतें याचें उदाहरण अ‍ॅमस्टरडॅमचें आहे. तेथें ज्यांचा रोग आटोक्यांत आहे असे आमवाताचे १०३ रोगी निवडून, चिठ्ठ्या टाकाव्या तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाच्या नेहमींच्या ठरीव भेटी चालू ठेविल्या. दुसऱ्यानें दर आठवड्यास अ‍ॅपवर प्रश्नावलि भरावयाची, वर्षाअखेरीस एकदां यावयाचें, आणि मध्यंतरीं जरूर पडेल तेव्हां भेट मागावयाची, असें ठरविलें. २०२२ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले: अ‍ॅपच्या गटांत डॉक्टरांच्या भेटी ३८ टक्क्यांनीं कमी झाल्या, आणि रोग कांहीं बळावला नाहीं. घाट चढून जाणाऱ्या आमच्या रोग्यांना ३८ टक्के फेऱ्या वांचणें म्हणजे केवढी गोष्ट! पण त्या प्रयोगांतील अ‍ॅप ही घंटा होती, आणि घंटा ऐकणारा मनुष्य पलीकडे बसलेला होता. आमच्याकडे विकल्या जाणाऱ्या पुष्कळ अ‍ॅप्सच्या पलीकडे कोणीच नसतें. ऐकणारा नाहीं अशा घंटेला ‘स्वावलंबन’ हें नांव देणें म्हणजे रोग्याला एकटें सोडण्यास चांगला शब्द शोधणें होय.

आतां प्रतिपक्षाचीं उत्तरें पाहूं. पहिलें: कांहीं नसण्यापेक्षां कांहीं असलेलें बरें. नाहीं, ज्याच्याजवळ वाटाड्या नाहीं तो जपून पाऊल टाकतो, आणि ज्याचा वाटाड्या आंधळा आहे तो निर्धास्त चालतो. दुसरें: परीक्षेस वर्षें लागतात, तोंवर अ‍ॅपच्या दहा आवृत्त्या निघतात. रंग बदलला म्हणून पुन्हां परीक्षा घ्या, असें कोण म्हणतो? हिशेब बदलला, सल्ला बदलला, तर मात्र घ्यावी. जर्मनीनें २०१९ सालीं कायदा केला, आणि २०२० पासून तेथील डॉक्टर औषधासारखें अ‍ॅप लिहून देतात. पण सरकारी यादींत कायमची जागा मिळविण्यास रोग्याला लाभ होतो हें सिद्ध करावें लागतें. पुरावा अपुरा असेल तर तो गोळा करण्यास साधारण एक वर्षाची मुदत मिळते, आणि जीं कसोटीस उतरलीं नाहींत अशीं कांहीं अ‍ॅप्स काढूनही टाकण्यांत आलीं आहेत. वर्षभरांत जें जर्मनीस जमतें तें आम्हांस कां जमूं नये?

तिसरें उत्तर सर्वांत गोड: अ‍ॅप फुकट आहे. फुकट कांहींच नसतें. पैसा घेतला नाहीं तर माहिती घेतली जाते. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेनें स्वतः पारखून यादींत घातलेल्या ७९ अ‍ॅप्सची संशोधकांनीं फेरतपासणी केली. २०१५ सालच्या त्यांच्या निष्कर्षाप्रमाणें ७० अ‍ॅप्स माहिती बाहेर पाठवीत होतीं, आणि ज्या ३५ अ‍ॅप्सच्या माहितींत माणसाची ओळख पटत होती त्यांतील २३ ती उघडी, कुलूप न लावतां धाडीत होतीं. सरकारी पारखीची जेथें ही गत, तेथें ताऱ्यांच्या पारखीची काय कथा? आमच्याकडे वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ सालीं झाला आहे. पण ज्या समाजांत लग्नाच्या वयाच्या मुलीचा आमवात शेजाऱ्यांपासूनही लपविला जातो, त्या समाजानें ही माहिती कोणत्या दारांतून कोठें जाते हें कायद्याची वाट न पाहतां विचारलें पाहिजे.

कायद्याची पळवाटही सांगितली पाहिजे. ११ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेनें भारत सरकारनें वैद्यकीय उपकरणांस, आणि रोगाचें निदान, उपचार किंवा देखरेख यांसाठीं असलेल्या सॉफ्टवेअरासही, १ एप्रिल २०२० पासून १९४०च्या औषध कायद्याच्या कक्षेंत आणलें. यावर युक्ति काय? अ‍ॅपच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत ‘तुमचा आजार तुमच्या हातीं’, आणि अखेरच्या पानावर मुंगीच्या अक्षरांत ‘हा वैद्यकीय सल्ला नव्हे’! विकतांना वैद्य, आणि जाब विचारतांच वाटसरू! दोन्ही वाक्यें एकाच आकाराच्या अक्षरांत एकाच पानावर छापावयास लावा. मग किती लोक तारे देतात तें पाहूं.

आमची मागणी मोठी नाहीं. हें अ‍ॅप किती रोग्यांवर, कोठें, किती दिवस आणि कोणाच्या पैशानें तपासलें, हें त्याच्या पहिल्या पानावर असावें. युरोपांतील संधिरोगतज्ञांच्या ‘यूलार’ संस्थेनें २०१९ सालीं अशा अ‍ॅप्सविषयीं जें धोरण सांगितलें त्यांतही, रोग्यांना घडणींत सामील करणें आणि करणारा कोण, पैसा कोणाचा हें उघड सांगणें, या गोष्टी आहेत. मराठी मजकूर मराठी रोग्यानें वाचलेला असावा. कोरा दिवस दिसला तर अ‍ॅपनें तो शंकेचा दिवस मानावा, आणि घरच्या माणसास नोंद करूं द्यावी. आठवड्याचें औषध रोजचें होणार नाहीं अशी आधींच तजवीज असावी. आणि घंटा वाजली तर ऐकणार कोण, त्याचें नांव असावें. ही परीक्षा घेण्यास परदेशीं जावयास नको. रत्नागिरीस २०२३ सालीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें आहे. तीस-चाळीस रोगी, जून ते सप्टेंबरचा पाऊस, जाणारी-येणारी वीज आणि घराघरांतील एक दिनदर्शिका, इतक्या साहित्यावर येथील विद्यार्थी आणि अध्यापक आरंभ करूं शकतात. या पावसांत जें टिकेल तें कोठेंही टिकेल.

आणि वाचकांनीं काय करावें? आपल्या घरीं असा रोगी असेल तर अ‍ॅप उतरवून घेण्यापूर्वीं त्याच्या कर्त्यास एकच प्रश्न लिहून पाठवावा: “माझ्या आईसारख्या किती जणींच्या हातांत हें देऊन तुम्हीं पाहिलें?” उत्तर आलें तर तें डॉक्टरांस दाखवावें. उत्तर आलें नाहीं, तर दिनदर्शिका भिंतीवर आहेच. वहिनींचा तिसऱ्या अ‍ॅपचा पंधरवडा संपल्यावर आम्हीं विचारलें कीं, यांतलें कोणतें ठेवावयाचें? त्यांनीं क्षणभर विचार करून सांगितलें, “जें माझ्या वाईट दिवशींही मला विचारील, तें आणा. तोंवर ह्यांची लाल पेन्सिल पुरे.” अ‍ॅप करणारांनीं याहून अधिक कठीण प्रश्नपत्रिका मागूं नये, आणि हिच्यांत उत्तीर्ण झाल्यावांचून आमच्या रोग्यांच्या खिशांत शिरूं नये.